हिरवळीखालची स्लॅब

गृहप्रकल्पाच्या आवारातली जमीन, पाणी, वाटा आणि झाडे यांची मांडणी करण्याच्या व्यवसायाला मराठीत उद्यानरचना, भूदृश्यरचना असे शब्द आहेत. साइटवर ते कोणी वापरत नाही. तिथे सगळे ‘लँडस्केपिंग’च म्हणतात आणि ते काम घेणाऱ्याला ‘लँडस्केपवाला’. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात या लँडस्केपवाल्याच्या वाट्याला येणारी जमीन पुष्कळदा जमीन नसतेच, ती पार्किंगवरची स्लॅब असते. खाली गाड्यांचे दोन-तीन मजले, वर दीड फूट माती आणि त्या मातीवर माहितीपत्रकात आधीच छापून झालेली हिरवळ. अशी बाग जगते की मरते, हे रोपांच्या निवडीआधी तीन गोष्टींवर ठरते: स्लॅब किती वजन पेलते, पाणी कुठून येते आणि आलेले पाणी कुठून जाते.

पिंपरी-चिंचवडला झाडांची ओळख कारखान्यांनी करून दिली, हे आज थोडे विचित्र वाटेल. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची रांग लागली. जमीन मुबलक होती, माळरान होते. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पुण्यातल्या कारखान्याच्या उभारणीत कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी झाडे लावणे आणि तळे तयार करणे ही कामे यंत्रांच्या बरोबरीने केली. ते तळे आणि त्याकाठचे पाणपक्षी आजही कारखान्याच्या आवारात आहेत. जुन्या कामगार वसाहतींमधली झाडे खऱ्या जमिनीत लावलेली असल्यामुळे त्यांच्या मुळांना कुणी अडवले नाही. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि निगडी-आकुर्डीत सेक्टर आखले गेले. त्यातल्या बंगल्यांच्या मागच्या अंगणात आंबा आणि नारळ, पुढे पारिजातक. ही बाग घरमालक लावत असे. तिला आराखडा नव्हता, कंत्राटदारही नव्हता.

महापालिका १९८२ ची. तिची हद्द १९९७ मध्ये वाढली आणि मोशी, चिखली, चऱ्होली, रावेत, वाकड, पुनावळे ही गावे शहरात आली. पुढे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज यांसारखे कारखाने आले आणि चाकण-आळंदी-मोशी या त्रिकोणात शेतजमिनीचे भूखंड होण्याचा वेग वाढला. शेताचा भूखंड होताना तिथे आधीच काही असते: बांधावरची बाभूळ, बोर, कडुनिंब, एखादी जुनी चिंच, एक दगडी विहीर आणि सर्वांत मोलाची वरची वीतभर माती.

या मातीबद्दल कागदावर चांगली तरतूद आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पांना २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या नेहमीच्या अटींमध्ये एक अशी असते की, इमारती, रस्ते आणि फरशी येणार असलेल्या भागातली वरची वीस सेंटिमीटर माती खरवडून बाजूला साठवावी आणि वृक्षारोपणाच्या वेळी पुन्हा वापरावी. एक हेक्टरवरची एवढी माती म्हणजे दोन हजार घनमीटर. माती-मुरमाच्या धंद्यातल्या मापात सांगायचे तर सातशे ब्रासच्या वर. साइटवर एवढा ढीग दोन-तीन वर्षे ठेवायला जागा नसते. तिथे स्टीलचे यार्ड असते, तयार काँक्रीटचे ट्रान्झिट मिक्सर वळवायचे असतात. म्हणून ही माती पुष्कळदा पायाच्या मुरमाबरोबर डंपरमध्ये भरून कुठल्या तरी भरावात जाते आणि ताबा द्यायची वेळ आली की बागेसाठी माती बाहेरून ब्रासच्या भावाने विकत येते. विकत येणाऱ्या मातीला ‘लाल माती’ किंवा ‘पोयटा’ म्हणतात. प्रत्यक्षात काय येते ते डंपर पालथा झाल्यावर कळते. त्यात चुनखडीचे खडे, विटांचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठी हमखास असतात. लव्हाळा एकदा लॉनमध्ये शिरला की वर्षानुवर्षे खुरपणी संपत नाही.

दुसरी तरतूद मोकळ्या जागेची. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा करमणुकीसाठी खुली सोडावी लागते. त्याहून लहान भूखंडाला ही सक्ती नाही. चाकणच्या आसपास कामगारांसाठी बांधल्या जाणाऱ्या वन-बीएचकेच्या कित्येक इमारती अशाच लहान भूखंडांवर आहेत; तिथे लँडस्केपिंग म्हणजे गेटजवळच्या चार कुंड्या आणि कंपाउंडच्या कडेला अशोकाची रांग. ज्यांना मोकळ्या जागेची सर्वांत जास्त गरज, त्यांच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते.

झाडांची संख्याही ठरलेली असते. पर्यावरण मंजुरीत दर ऐंशी चौरस मीटर जमिनीमागे एक झाड असा हिशेब असतो. दोन हेक्टरच्या प्रकल्पाला अडीचशे झाडे. भोगवटा प्रमाणपत्राआधी महापालिकेच्या उद्यान विभागाचा दाखला लागतो, म्हणून झाडे मोजून लावली जातात. लावली जातात ती मात्र इमारत आणि कंपाउंड यांच्यामधल्या पट्टीत. त्याच पट्टीतून ड्रेनेज, पिण्याच्या पाण्याची लाइन, महावितरणची केबल आणि एमएनजीएलचा गॅस पाइप जातो. अग्निशमन दलाच्या गाडीला सहा मीटरचा रस्ताही तिथेच सोडायचा असतो. उरलेल्या तीन फुटांत अडीचशे झाडे ओळीने उभी राहतात. चार-पाच वर्षांनी पहिला पाइप फुटतो तेव्हा खोदकामात त्यातली किती तुटतात, हे कुठल्याच दाखल्यात येत नाही. जुनी झाडे तोडायची असतील तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावावी लागतात आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते. शेताच्या बांधावरची चिंच या व्याख्येत सहज बसते. तिला आराखड्याच्या मध्यभागी ठेवून इमारत थोडी सरकवणे हा या सगळ्या धंद्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत देखणा उपाय आहे, पण त्यासाठी लँडस्केप आर्किटेक्ट पहिल्या बैठकीला हजर लागतो. त्याला सहसा शेवटच्या बैठकीला बोलावतात.

आता पोडियम, म्हणजे पार्किंगवरची ती स्लॅब. पार्किंगच्या छतावरची बाग म्हणजे मातीचा कुंडीएवढा उथळ पण मैदानाएवढा रुंद थर. ओली माती घनमीटरला साधारण १.८ टन भरते. म्हणजे दीड फूट मातीचे ओझे चौरस मीटरला ८०० किलो. गाड्या उभ्या करायच्या स्लॅबवर चौरस मीटरला अडीचशे किलोचा भार धरतात, त्याच्या तिप्पट हे. एक हजार चौरस मीटरच्या पोडियम बागेवर सुमारे १६० ब्रास माती आणि ८०० टन वजन कायमचे बसते. झाडाला चार फूट माती हवी, तिचे वजन चौरस मीटरला दोन टनांच्या पुढे. म्हणून झाडे कॉलमच्या डोक्यावरच येतात. सोसायटीच्या बागेतली झाडे चौकटीत, सारख्या अंतरावर उभी दिसतात त्याचे कारण सौंदर्यदृष्टी नव्हे, खालचे कॉलम. अग्निशमनाची गाडी जाणार त्या भागाला पंचेचाळीस टन वजन पेलावे लागते, तिथे झाड लावताच येत नाही. मग जाळीच्या पेव्हरमध्ये गवत भरून तो भाग हिरवा दाखवला जातो.

थरांचा क्रम खालून वर असा: स्लॅब, तिच्यावर उताराचे काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, त्यावर संरक्षक थर, मग ड्रेन सेल, म्हणजे अंड्यांच्या ट्रेसारखी दिसणारी प्लास्टिकची पोकळ जाळी, तिच्यावर जिओटेक्स्टाइलचे कापड आणि शेवटी माती. यातला एकही थर बाग झाल्यावर दिसत नाही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर स्लॅबवर दोन-तीन दिवस पाणी तुंबवून ठेवतात आणि खालून ओल येते का ते पाहतात. पुढच्या वीस वर्षांची शांतता या तपासणीत असते. ती उरकली, किंवा तपासणीनंतर प्लंबरने पाइपसाठी स्लॅबला एक भोक पाडले, की गोष्ट बिघडते. कापडाचे जोड नीट झाकले नाहीत तर बारीक माती ड्रेन सेलमध्ये उतरते, निचऱ्याचे तोंड बुजते आणि वरची माती जुलै-ऑगस्टमध्ये भातखाचरासारखी भरून राहते. झाडांची पाने पिवळी पडतात. माळी पाणी कमी पडले समजून आणखी पाणी देतो. खाली पार्किंगमध्ये छतातून थेंब गळू लागतात. काँक्रीटमधला चुना विरघळून आलेले हे पाणी गाडीच्या बॉनेटवर पडते आणि वाळले की पांढरा डाग उरतो, जो पुसून जात नाही आणि रंगही खातो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बागेचा विषय येतो तो बहुतेक वेळा या बॉनेटवरून.

पावसाचा हिशेबही इथेच करायला हवा. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर हजार चौरस मीटरच्या पोडियमवर पन्नास हजार लिटर पाणी पडते. ते जायला वाट हवी, आणि पाचशे चौरस मीटर व त्यावरील भूखंडांना पर्जन्यजल संधारणाची सक्ती असल्यामुळे ते जमिनीत मुरवायचेही असते. या पट्ट्यात खाली काळा बसाल्ट आहे. वरचा मुरूम पाणी घेतो, खालचा अखंड पाषाण घेत नाही. गाळ बसवण्याचा हौद न बांधता पाणी थेट शोषखड्ड्यात सोडले तर बागेचीच माती दोन पावसाळ्यांत तो खड्डा बुजवते.

नदीकाठच्या प्रकल्पांची कथा वेगळी. पवना, मुळा आणि इंद्रायणी यांच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. इंद्रायणीकाठी चिखलीत निळ्या रेषेत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये हरित लवादाच्या आदेशावरून पाडले. अशा पट्टीत बाग करावी हा विचार योग्यच, पण ती बाग पुराखाली जाणार हे गृहीत धरून केली पाहिजे: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशी ओल सोसणारी झाडे, भराव नाही, भिंत नाही. गॅझिबो आणि ग्रॅनाइटची बाके तिथे टिकत नाहीत.

पाण्याचा प्रश्न मात्र सगळीकडे सारखा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. एप्रिल-मेमध्ये लॉनला रोज चौरस मीटरमागे पाच-सहा लिटर पाणी लागते. हजार चौरस मीटर लॉन म्हणजे दर दोन दिवसांना दहा हजार लिटरचा एक टँकर. पिण्यासाठी टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हे परवडत नाही, आणि नैतिकदृष्ट्या पटतही नाही. उत्तर सोसायटीच्या आवारातच असते. दोनशे सदनिका, हजार माणसे, माणशी १३५ लिटर वापर धरला तर रोज एक लाख लिटरच्या वर सांडपाणी एसटीपीत, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, येते. फ्लशसाठी माणशी ४५ लिटर परत वापरले तरी साठ हजार लिटर उरते. हजार चौरस मीटर लॉनला लागते त्याच्या दहापट. म्हणजे बागेसाठी पाण्याचा तुटवडा नाही, चालू एसटीपीचा आहे. ताबा दिल्यावर पहिल्या काही वर्षांत विजेचे बिल आणि ऑपरेटरचा पगार वाचवण्यासाठी तो बंद ठेवला जातो. मग महापालिकेची नोटीस येते. चालू असला तरी काळजी लागते. नीट न गाळलेल्या पाण्याने ठिबकची तोंडे बुजतात, फवाऱ्याने दिल्यास वास आणि तुषार खेळणाऱ्या मुलांपर्यंत जातात. असे पाणी रात्री, जमिनीलगत द्यावे.

मग लॉन हवे कशाला, हा प्रश्न विचारायला हवा. ‘मेक्सिकन’ आणि ‘सिलेक्शन वन’ या नावांनी गवताचे गालिचे नर्सरीतून चौरस फुटाने येतात, आठवड्यात हिरवे दिसतात आणि विक्रीच्या फोटोंना शोभतात. पुढे हुमणी मुळे खाते आणि गवत चटईसारखे हातात उचलून येते. कडेला वेडेलिया, रिबन गवत, मोकळ्या जागी साधी हराळी आणि सावलीत फरशी ठेवली तर पाणी निम्म्यावर येते, खर्चही. कृत्रिम गवत हा तिसरा पर्याय म्हणून पुढे केला जातो. मे महिन्यात दुपारी अनवाणी पायाने त्यावर उभे राहून पाहिलेला माणूस तो पर्याय पुन्हा सुचवत नाही.

चिंचवड या नावाची चिंच आणि वड अशी फोड सर्रास सांगितली जाते. ही दोन्ही झाडे पोडियमवर लावता येत नाहीत. वडाची मुळे वॉटरप्रूफिंग शोधून काढतात. पोडियमवर चाफा, तामण, बहावा, कांचन, बकुळ अशी आटोपशीर झाडे चालतात आणि ती फुलतातही देखणी. तामण तर राज्यपुष्प. तरीही यादीत पहिला येतो फॉक्सटेल पाम. त्याची कारणे व्यवहारी आहेत. पाम क्रेनने उभा केला की त्याच दिवशी झाड दिसतो, पानगळ थोडी, मुळे आटोपशीर, सावली नसल्यामुळे खालच्या लॉनलाही त्रास नाही. सावली नसणे हा गुण ठरावा, यातच आजच्या सोसायटी-बागेची खोट आहे. सप्तपर्णी झटपट वाढते म्हणून रांगेने लागली. आता ऐन दिवाळीच्या सुमारास तिच्या उग्र वासाने रहिवाशांची डोकी दुखतात. कोनोकार्पसवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. कुंपणाची हिरवी भिंत म्हणून तो इथेही लावलेला दिसतो.

मोठी झाडे येतात आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून, ट्रेलरवर आडवी. बारा-पंधरा फुटी खोड, छाटलेल्या फांद्या, टोकाला मूठभर पाने आणि मुळांभोवती गोणपाटात बांधलेला मातीचा गोळा. त्या गोळ्याला सहसा नायलॉनच्या दोरीचे वेढे असतात. खड्ड्यात ठेवल्यावर दोरी कापायची असते. संध्याकाळी क्रेनचे भाडे वाढत असते, माणसे दमलेली असतात, दोरी तशीच राहते. झाड बांबूच्या आधारावर पहिले वर्ष तग धरते, गोळ्यातल्या साठ्यावर पालवीही फुटते. दुसऱ्या वर्षी ते सुकते आणि उपटून पाहिले तर मुळे गोळ्याबाहेर वीतभरही गेलेली नसतात. तेच झाड तीन-चार फुटांचे असताना उरळी कांचनच्या नर्सरीतून आणले असते तर पाच वर्षांत त्याच उंचीला गेले असते, पण ताबा पाच वर्षांनी द्यायचा नसतो.

ताबा द्यायचा असतो दसऱ्याला, गुढीपाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला. लागवडीचा खरा मुहूर्त मृगाचा. पाडव्याला ताबा म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवड, म्हणजे कोवळ्या रोपाची पहिलीच परीक्षा एप्रिलच्या उन्हात. दसऱ्याचा ताबा बागेला त्यातल्या त्यात मानवतो. पावसाळ्यात मुळे धरलेली असतात. पाडव्याला हौस भागवून घ्यायचीच असेल तर हंगामी फुले आणि कुंड्या मांडाव्यात आणि झाडांचे खड्डे जूनपर्यंत उघडे ठेवून तापू द्यावेत. शेतकरी हेच करतात.

बाग झाल्यावर कंत्राटदार काही महिने देखभाल करतो, मग तो जातो आणि सोसायटी माळी नेमते. आराखड्यात चाळीस जातींची झुडपे असतात, माळ्याकडे एक कात्री असते. दोन वर्षांत सगळ्यांचे एकाच उंचीचे चौकोनी कुंपण होते. स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी विकासकाची असते, आणि गळणारा पोडियम त्यात बसतो. मेलेल्या झाडाबद्दल मात्र वाद होतो, म्हणून झाडांची नावे, संख्या आणि बदलून देण्याची मुदत करारातच लिहून घेणे बरे.

सोसायटीच्या नव्या कमिटीने विकासकाकडून चार कागद मागून घ्यावेत: पोडियमवरच्या परवानगीच्या भाराचा नकाशा, निचऱ्याच्या जाळ्या आणि पाइपांचा नकाशा, ठिबकच्या व्हॉल्व्हची जागा दाखवणारा नकाशा आणि पाणी तुंबवून केलेल्या तपासणीचा तारखेसह अहवाल. पहिल्या नकाशाशिवाय बागेत नवा गणपती मंडप, जिमची यंत्रे किंवा मातीचा एकही जादा डंपर चढवू नये. आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक निचरा-जाळीत दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. एकाने वर ओतावे, दुसऱ्याने खाली पार्किंगमध्ये पाइपाला कान लावून उभे राहावे. आवाज आला नाही, ती जाळी पाऊस येण्याआधी उघडायची.